सर्व्हरवर 'अनमॅनेज्ड' दिसतंय? आधी बघा, नेटवर्क सांभाळतंय कोण



दुकानाचं बिलिंग, ऑफिसच्या फाइल्स, रोजचा बॅकअप यासाठी एखाद्या जुन्या पीसीवर उबुंटू सर्व्हर टाकायचा, हा मार्ग आपल्यातले बरेच जण घेतात. लायसन्सचा खर्च नाही आणि मशीनही घरचंच. काही जण तर हेच काम आजूबाजूच्या दुकानदारांना सेवा म्हणून देतात. या सगळ्यांची कधी ना कधी 'अनमॅनेज्ड' या शब्दाशी गाठ पडते. आजच्या व्हिडिओचा विषय तोच होता. तिथे स्क्रीनवर कमांड दाखवल्या आहेत. इथे त्यामागचं कारण नीट लिहितो. कमांड इथे उच्चाराप्रमाणे लिहिल्यात, टाइप करताना त्या अर्थातच इंग्रजीत करायच्या.

प्रसंग साधारण असा घडतो. काळ्या स्क्रीनचा कंटाळा येतो, म्हणून आपण कॉकपिट टाकतो. त्याने सर्व्हर ब्राउझरमधून हाताळता येतो. नेटवर्किंगचं पान उघडावं तर लॅनकार्ड 'अनमॅनेज्ड इंटरफेसेस' या यादीत दिसतं. अपडेटच्या पानावर तर मशीन ऑफलाइन आहे, कॅशे रिफ्रेश करता येत नाही, अशा अर्थाचा एरर येतो. गंमत बघा, हा एरर आपण त्याच लॅनकार्डावरून आलेल्या पानावर वाचत असतो!

म्हणजे कार्ड बिघडलेलं नाही. अनमॅनेज्ड याचा अर्थ 'बंद' असा नाही. 'हे माझ्याकडे नाही, मी याला हात लावत नाही' एवढंच तो प्रोग्रॅम सांगतोय.

लिनक्समध्ये नेटवर्क सांभाळणारे प्रोग्रॅम एकाहून जास्त आहेत. उबुंटू सर्व्हरवर १७.१० या आवृत्तीपासून नेटप्लॅन आहे. आपण लिहिलेली सेटिंग वाचून तो ती पुढे कोणाकडे तरी सोपवतो. सर्व्हरवर हा 'कोणी तरी' म्हणजे सिस्टमडी-नेटवर्कडी, आणि डेस्कटॉपवर नेटवर्कमॅनेजर. कॉकपिटचं नेटवर्कचं पान नेटवर्कमॅनेजरशीच बोलतं, म्हणून कॉकपिटबरोबर तोही मशीनवर येतो. आता एका गल्ल्यावर दोन जण बसवले तर संध्याकाळी हिशेब लागेल का? म्हणूनच उबुंटूने नेटवर्कमॅनेजरला आधीच बजावून ठेवलंय: वायफाय आणि मोबाइल डोंगल सोडून कशालाही हात लावू नकोस. त्यामुळे लॅनकार्ड त्याच्या लेखी अनमॅनेज्ड. अपडेटचं पान इंटरनेट आहे की नाही हे अप्रत्यक्षपणे नेटवर्कमॅनेजरलाच विचारतं. त्याच्या हातात एकही चालू कनेक्शन नसतं, मग तो 'ऑफलाइन' म्हणून मोकळा होतो.

खात्री दोन कमांडनी होते. 'एनएमसीएलआय डिव्हाइस स्टेटस' म्हणजे नेटवर्कमॅनेजरची वही आणि 'नेटवर्क-सीटीएल' म्हणजे नेटवर्कडीची. दोन्ही शेजारी ठेवून वाचा. पहिल्या वहीत कार्ड अनमॅनेज्ड आणि दुसऱ्या वहीत 'कॉन्फिगर्ड' असेल तर सगळं जागेवर आहे. उलटंही दिसू शकतं, कारण 'अनमॅनेज्ड' हा शब्द नेटवर्कडीही वापरतो. खरी चिंता दोन्हीकडे अनमॅनेज्ड दिसलं तर. तेव्हा कार्डाला कोणीच वाली नाही, किंवा डेबियनच्या जुन्या पद्धतीप्रमाणे ते 'इंटरफेसेस' नावाच्या फाइलमधून चालतंय. त्या फाइलमध्ये कार्डाचं नाव असेल तर नेटवर्कमॅनेजर आपणहून बाजूला राहतो. डॉकर वापरत असाल तर 'व्हीईटीएच' ने सुरू होणाऱ्या ओळीही अनमॅनेज्ड दिसतात, त्यांच्याकडे लक्ष देऊ नका.

मग दुरुस्त करायचं काय? माझं स्पष्ट मत, एका केबलवर चालणाऱ्या दुकानाच्या सर्व्हरवर काहीही बदलू नका. अपडेट 'सुडो एपीटी अपडेट' आणि 'सुडो एपीटी अपग्रेड' ने करा, आणि कॉकपिटचा तो एरर तसाच राहू द्या. एरर दिसेनासा व्हावा म्हणून चालू नेटवर्क हलवणं हा तोट्याचा सौदा आहे. लाइन गेली की डोंगलवर जायचंय, किंवा नेटवर्कची सेटिंग कॉकपिटमधूनच बदलायची आहे, अशी खरी गरज असेल तेव्हाच सूत्रं नेटवर्कमॅनेजरकडे द्या.

'डिव्हाइस सेट... मॅनेज्ड यस' ही झटपट कमांड या कामाची नाही. रीबूट झालं की तिचा परिणाम जातो, आणि तोपर्यंत एका कार्डावर दोन मालक बसलेले असतात. नेटवर्कमॅनेजरची मूळ फाइल खोडणंही टाळा. पॅकेज अपडेट झालं की ती परत पहिल्यासारखी होते.

योग्य जागा नेटप्लॅनची. त्याच्या फोल्डरमध्ये ९० ने सुरू होणाऱ्या नावाची एक नवी छोटी फाइल करा. नेटप्लॅन फाइल्स नावाच्या क्रमाने वाचतो आणि नंतरची फाइल आधीचीला मागे टाकते. फाइलमध्ये तीनच ओळी: नेटवर्क, त्याखाली व्हर्जन २ आणि रेंडरर नेटवर्कमॅनेजर. इथे एन आणि एम ही दोन अक्षरं कॅपिटल हवीत, आणि समास टॅबने नाही, स्पेसने सोडायचा. जुन्या फाइलला हात लावलेला नसल्यामुळे परतीचा रस्ताही सोपा राहतो: नवी फाइल काढायची आणि 'नेटप्लॅन अप्लाय' म्हणायचं.

बदल लागू करताना मात्र 'नेटप्लॅन ट्राय' वापरा. १२० सेकंदांत तुम्ही एंटर दाबला नाही तर तो जुन्या सेटिंगवर परत जातो. तरी एवढ्यावर विसंबून गिऱ्हाइकाचा सर्व्हर घरबसल्या लांबून बदलू नका. इथे आपण एखादा आकडा नाही, अख्खा कारभारी बदलतोय. कनेक्शन तुटलं तर तिथे जावंच लागेल, म्हणून मॉनिटर आणि कीबोर्ड लावून, दुकान बंद झाल्यावरच हे काम करा.

आणखी एक गोष्ट, जी सकाळी नऊ वाजता डोकं वर काढते. सर्व्हरचा आयपी राउटरकडून आपोआप मिळत असेल तर कारभारी बदलल्यावर तो वेगळा मिळू शकतो, कारण दोघं राउटरला आपली ओळख वेगवेगळ्या पद्धतीने सांगतात. सर्व्हर धडधाकट असतो, पण काउंटरवरचे बिलिंगचे पीसी जुन्याच पत्त्यावर दार ठोठावत बसतात आणि समोर गिऱ्हाईक उभं! म्हणून आधी 'आयपी ॲड्रेस' कमांडने सध्याचा पत्ता लिहून घ्या, शक्यतो तो नेटप्लॅनमध्येच पक्का करा, आणि निघण्यापूर्वी प्रत्येक काउंटरवरून एक बिल काढून बघा.

सेवा देणाऱ्यांनी गिऱ्हाइकाला देण्याच्या कागदावर पासवर्ड कुठे ठेवलाय, बॅकअप कधी होतो हे लिहितानाच एक ओळ वाढवावी: 'नेटवर्क कोण सांभाळतं – नेटवर्कडी की नेटवर्कमॅनेजर, आणि कोणत्या तारखेपासून.'