महासाथ आणि बेघर मनुष्य

२४ मार्च २०२० च्या रात्रीं देशभर एकवीस दिवसांची टाळेबंदी जाहीर झाली, आणि घराबाहेर पडूं नका अशी सर्वांस आज्ञा झाली. आज्ञेचा हेतु प्राण वाचविण्याचा होता ह्यांत शंका नाहीं. परंतु तिनें एक गोष्ट गृहीत धरली होती. ती ही कीं, प्रत्येकास घर आहे. २८ फेब्रुवारी २०११ च्या रात्रीं शिरगणतीचे गणक पदपथ, पुलांखालच्या जागा, देवळें व रेल्वेचे फलाट पाहत फिरले, तेव्हां ह्या देशांत सुमारें १७ लाख ७३ हजार माणसें बेघर आढळलीं होतीं.

कोविड मुख्यतः श्वासावाटे पसरतो. रोगी बोलतो किंवा खोकतो तेव्हां विषाणूंनीं भरलेले सूक्ष्म कण हवेंत मिसळतात, आणि बंद जागेंत ते पुष्कळ वेळ तरंगत राहतात. मग उघड्यावर निजणारा मनुष्य अधिक सुरक्षित नव्हे काय, असें कोणी विचारील. हवेपुरतें पाहिलें तर हें अगदींच खोटें नाहीं. पण त्याला रात्रनिवाऱ्यांत आणलें म्हणजे गोष्ट फिरते. अमेरिकेंतील बॉस्टन शहरीं एप्रिल २०२० च्या आरंभीं एका मोठ्या निवाऱ्यांतील ४०८ जणांची तपासणी झाली. त्यांपैकीं १४७ जणांस संसर्ग झालेला होता, म्हणजे तिघांत एकाहून अधिक. विशेष हें कीं, त्यांतील बहुतेकांस ना ताप होता, ना खोकला. दारांत उभा राहून ताप पाहणारा पहारेकरी तेथें काय करणार? शेजारीं शेजारीं खाटा, सर्वांना मिळून एक न्हाणीघर, जेवणाची एकच रांग. दयाबुद्धीनें दिलेला आसराच रोगाचें वाहन झाला.

इंग्लंडांत निराळा मार्ग धरला. रस्त्यावर व सामाईक निवाऱ्यांत निजणाऱ्या सर्वांस स्वतंत्र जागा द्यावी, असें मार्चच्या अखेरीस सरकारनें स्थानिक संस्थांस कळविलें. प्रवासी नसल्यामुळें हॉटेलें ओस पडलीं होतीं; त्यांतील खोल्या ह्या कामीं आल्या. मे महिन्यापर्यंत सुमारें १५ हजार माणसांची सोय लागली. ह्या योजनेनें व निवाऱ्यांतील खबरदारीनें पहिल्या लाटेंत सुमारें २६६ मृत्यु टळले, असा संशोधकांनीं पुढें गणित मांडून अंदाज केला. लस तेव्हां नव्हती. आंतून कडी लावतां येईल अशी खोली, एवढाच तो उपचार.

आपल्याकडे रोगाच्या आधीं भूक आली. हमाली, कागद-भंगार वेचणें, लग्नकार्यांत वाढणें, भिक्षा, ह्यांवर पदपथावरील मनुष्य जगतो. रस्ता ओस पडला कीं हीं सारीं साधनें एका दिवसांत बुडतात. हात धुवावे तर नळ सार्वजनिक शौचालयांत, आणि तेथें पुष्कळदां पैसे मोजावे लागतात. अनेक शहरांत शाळांच्या इमारती तात्पुरते निवारे झाल्या. मुलांनो, तुम्ही घरीं बसून शिकत होतां, तेव्हां तुमच्यासारख्यांच्या वर्गांत बांकें सरकवून माणसें निजत होतीं.

२०२१ मध्यें लस आली, ती मिळण्यास ओळखपत्र लागे. ज्याचें बोचकें पावसांत भिजतें, किंवा कोणी उचलून नेतें, त्याजवळ कागद कोठून राहणार? त्याच वर्षीं केंद्र सरकारनें ओळखपत्र नसलेल्यांसही लस देण्याची रीत ठरवून दिली, हें बरें झालें. पण टोंचून घ्यावयाची ती दोनदां, मध्यें कित्येक आठवडे सोडून. आणि तो दिवस येईल तेव्हां तो मनुष्य त्याच पुलाखालीं सांपडेल, असें कोणीं सांगावें?