वजनाची शस्त्रक्रिया आणि पुढचं बाळंतपण: काय ऐकू येतं, काय खरं

आसनगाव-शहापूर पट्ट्यात लग्नाला दोन-तीन वर्षं होऊन पाळणा हलला नाही, की सूनबाईच्या फाइलमध्ये सोनोग्राफीचे, थायरॉइडचे, पीसीओडीचे कागद साठायला लागतात. कल्याणचे डॉक्टर सांगतात, वजन उतरवा. काही जणींचं वजन चालण्याने आणि भात कमी करण्याने उतरण्यापलीकडे गेलेलं असतं. मग शस्त्रक्रियेचा विषय निघतो आणि घरापासून लोकलच्या लेडीज डब्यापर्यंत सगळे तज्ज्ञ होतात.

‘ते ऑपरेशन पाचशे किलोवाल्यांचं’

हा समज बातम्यांनी पक्का केला. 2017 मध्ये इजिप्तच्या इमान अहमद यांना मुंबईच्या सैफी रुग्णालयात आणलं, तेव्हा त्यांचं वजन सुमारे 500 किलो सांगितलं जात होतं. प्रत्यक्षात निकष बीएमआयचा, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा. 2022 च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शनानुसार बीएमआय 35 असेल तर दुसरा आजार नसला तरी शस्त्रक्रियेचा विचार करता येतो. 155 सेंटिमीटर उंचीच्या बाईसाठी हा आकडा साधारण 84 किलो होतो. आशियाई लोकांना कमी वजनावरही मधुमेह गाठतो, म्हणून आपल्यासाठी ही रेषा आणखी खाली, 27.5 पर्यंत आणलेली आहे. विमा कंपन्यांची रेषा मात्र वेगळी आहे: बीएमआय 40, किंवा 35 आणि सोबत गंभीर आजार. डॉक्टर हो म्हणाले म्हणजे विमाही हो म्हणेल, असं धरून चालू नये.

‘पोट कापलं की मूल राहत नाही’

होतं उलटंच. शस्त्रक्रिया जठरावर होते, गर्भाशयाला कुणी हात लावत नाही. वजन उतरलं की शरीरातलं इन्सुलिन ताळ्यावर येतं, चुकलेली पाळी मार्गी लागते आणि काही महिन्यांतच बीज सुटायला लागतं. इतकी वर्षं काही झालं नाही, आता काय होणार, या भरवशावर राहिलेल्या बाईला दिवस जातात ते नेमके नको त्या वेळी.

ती वेळ नको अशासाठी, की पहिलं वर्ष वजन झपाट्याने उतरण्याचं असतं आणि अंगातला साठा रिकामा होत असतो. म्हणून निदान 12 ते 18 महिने थांबायला सांगतात, काही तज्ज्ञ 24 पर्यंत. तोवर साधन हवं. बायपाससारख्या शस्त्रक्रियेत आतड्याचा भाग वगळला जातो, त्यामुळे तोंडाने घ्यायच्या गर्भनिरोधक गोळ्या पुरेशा शोषल्या जातील याची खात्री नसते. तांबी हा भरवशाचा उपाय, आणि ती सरकारी दवाखान्यात फुकट बसते.

तरीही मधेच दिवस गेले तर ‘पाडावंच लागतं’ म्हणणाऱ्यांचं ऐकू नये. तेवढ्या कारणासाठी गर्भपात करावा लागत नाही. लवकर नाव नोंदवावं आणि तपासण्या जास्त कराव्यात.

‘कोणतंही करा, सगळी सारखीच’

इथे थोडं थांबायला हवं, कारण खरी निवड हीच आहे.

स्लीव्हमध्ये जठराचा तीन चतुर्थांशाहून जास्त भाग कापून काढतात आणि उरते ती लांबट नळी. हे परत पूर्ववत होत नाही, पण आतड्याचा रस्ता जसाच्या तसा राहतो. बायपासमध्ये जठराची छोटी पिशवी करून ती थेट खालच्या आतड्याला जोडतात. अन्न मधला टप्पा चुकवून जातं आणि लोह, कॅल्शियम, बी-12 कमी शोषलं जातं. मिनी बायपासच्या नावात ‘मिनी’ असलं तरी वगळलेलं आतडं बऱ्याचदा जास्तच लांब असतं. नावाला भुलू नये.

मूल व्हायचं आहे अशा बाईसाठी पुष्कळ सर्जन स्लीव्हकडे झुकतात. कारण नुसतं जीवनसत्त्वांचं नाही. बायपासनंतर आतड्यांच्या घड्यांमध्ये फटी राहू शकतात. सातव्या-आठव्या महिन्यात गर्भाशय वर चढलं की आतडी ढकलली जातात आणि एखादा पदर त्या फटीत अडकून पिळतो. हे क्वचित घडतं, पण घडलं तर तासांचा हिशेब असतो. मळमळ आणि वरच्या पोटात कळ, म्हणजे घरच्यांच्या भाषेत ‘पित्त झालंय’. डोळखांब किंवा धसईतून रात्री निघून सीटी स्कॅन आणि ही शस्त्रक्रिया जाणणारा सर्जन गाठायचा, तर बहुतेकदा कल्याण-ठाण्याला जावं लागतं. माझ्या मते निवड करताना हे अंतर बीएमआयइतकंच महत्त्वाचं आहे, आणि शहरातल्या सल्लागाराला ते आपणहून सुचेलच असं नाही.

पण म्हणून स्लीव्ह सगळ्यांना योग्य, असंही नाही. छातीत जळजळीचा मोठा त्रास असेल तर तो स्लीव्हने वाढू शकतो आणि गरोदरपणात आणखी. मधुमेह हट्टी असेल तर बायपासचं पारडं जड होतं. सर्जनला किती किलो उतरतील हे सगळेच विचारतात. माझ्या आतड्याचा किती भाग वगळणार आणि गरोदरपणात रात्री दोन वाजता पोट दुखलं तर मी कुठे जायचं, हेही विचारावं.

‘बाळाची उपासमार होते’

यात थोडं तथ्य आहे, म्हणून हा गैरसमज टिकून आहे. 2015 मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये स्वीडनमधल्या नोंदींचा अभ्यास आला. त्यातल्या जवळजवळ सगळ्या स्त्रियांचा बायपास झाला होता. शस्त्रक्रिया झालेल्यांत गरोदरपणातला मधुमेह 1.9 टक्के होता, त्यांच्या शस्त्रक्रियेआधीच्या वजनाइतक्याच वजनाच्या, पण शस्त्रक्रिया न झालेल्यांत 6.8 टक्के. अतिवजनाची बाळंही कमी: 8.6 विरुद्ध 22.4. मात्र वाढ खुंटलेली बाळं 15.6 टक्के, दुसरीकडे 7.6. म्हणजे आईचा धोका घटतो, पण बाळाच्या वाढीवर सोनोग्राफीने जास्त वेळा नजर ठेवावी लागते.

यावर ‘दोन जिवांची आहेस, दोघांचं खा’ हा इलाज नाही. लहान झालेल्या पोटात तेवढं मावतच नाही. आधी अंडं, सुकट, डाळ, मग भाकरी. डिंकाचा लाडू एकदम खाल्ला तर बायपासवालीला घाम, धडधड, चक्कर येऊ शकते.

‘आरोग्य केंद्रात नेहमीचं होईल तेच पुरे’

नेहमीचं पुरत नाही, आणि एखादं तर टाळावं लागतं. सहाव्या-सातव्या महिन्यात साखर तपासायला 75 ग्रॅम ग्लुकोजचं पाणी पाजतात. बायपासनंतर ते सोसत नाही. त्याऐवजी आठवडाभर घरी बोटाला टोचून साखर मोजता येते. सरकारी लाल गोळीत 60 मिलिग्रॅम लोह आणि 500 मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असतं. ती घ्यावीच, पण बी-12, ड जीवनसत्त्व आणि वेगळं कॅल्शियम तिच्यात नाही. कॅल्शियमची गोळी लोहाच्या गोळीसोबत घेऊ नये, मध्ये दोन तास जाऊ द्यावेत. अ जीवनसत्त्वाचे जादा डोस मनाने घेऊ नयेत, ते बाळाला बाधतात. हिमोग्लोबिन, फेरिटिन, बी-12 दर तिमाहीला बघावं.

आणि उलट्या. त्या लांबल्या की गावातल्या दवाखान्यात ग्लुकोजची सलाईन लागते. शस्त्रक्रिया झालेल्या बाईचं बी-1 आधीच संपत आलेलं असेल, तर आधी बी-1 चं इंजेक्शन द्यावं लागतं. नुसत्या ग्लुकोजने मेंदूला इजा होऊ शकते. डॉक्टरांना शस्त्रक्रिया ठाऊकच नसेल तर ते हा विचार करणार कसे? लाजेपोटी सासरी लपवलेलं ऑपरेशन इथे महागात पडतं.

‘मग सिझेरियनच’

नाही. वजनाची शस्त्रक्रिया हे सिझेरियनचं कारण होत नाही. अंगावर पाजताही येतं, फक्त बी-12 चालू ठेवावं लागतं, कारण आईत कमी पडलं की दुधातही कमी पडतं.

दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी रुग्णालयात प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाची तपासणी असते. पहिल्याच वेळी आशाताईंना सांगून माता-बाल कार्डावर शस्त्रक्रियेचं नाव आणि तारीख लिहून घ्यावी, आणि डिस्चार्जच्या कागदाचा फोटो नवऱ्याच्याही मोबाइलमध्ये ठेवावा. 108 च्या गाडीत बसताना तोच दाखवायचा असतो.