नटाची माघार

नट जेव्हा दिग्दर्शनाची सूत्रे हाती घेतो, तेव्हा त्याच्यापुढचा पहिला पेच स्वतःच्या चेहऱ्याचा असतो. 'रजनीगंधा', 'छोटीसी बात' आणि 'गोलमाल' यांसारख्या चित्रपटांनी पापभीरू, संकोची, नाकासमोर चालणाऱ्या मध्यमवर्गीय तरुणाची जी प्रतिमा घरोघर पोचवली, ती अमोल पालेकरांच्या चेहऱ्याशी इतकी एकजीव झाली होती की त्यांनी दिग्दर्शक म्हणून केलेल्या कामाचा मागोवा घेताना, हा चेहरा त्यांनी कोठे वापरला आणि कोठे बाजूस सारला, याच निकषावर माझी आवडीनिवडीची क्रमवारी आपोआप सिद्ध होत गेली.

१९८१ सालच्या 'आक्रीत'मध्ये त्यांनी तो निर्दयपणे वापरला. परभणी जिल्ह्यातील मानवत येथे १९७२ ते १९७४ या काळात गुप्तधनाच्या आणि संततीच्या लालसेपायी जे नरबळी दिले गेले, त्या प्रकरणावर विजय तेंडुलकरांनी पटकथा लिहिली आणि त्यातील मुकुटरावाची भूमिका दिग्दर्शकाने स्वतःकडे घेतली. ज्या सौम्य मुद्रेवर उभ्या महाराष्ट्राने विश्वास टाकला होता, तिच्याच आड लोभ आणि क्रौर्य वास करू शकते, हे दाखवण्याचे धार्ष्ट्य पहिल्याच चित्रपटात करणारा नट विरळा. नांत येथील चित्रपट महोत्सवात परीक्षकांनी त्याचा विशेष गौरव केला. माझ्या क्रमवारीत 'आक्रीत' तिसरा आहे.

चिं. त्र्यं. खानोलकरांच्या 'कालाय तस्मै नमः' या नाटकावर आधारलेला 'अनकही' मी चौथा मानतो. पुत्राची पहिली पत्नी प्रसूतीत दगावणार, हे ज्योतिषी पित्याचे भाकीत खोटे ठरत नाही या अनुभवापोटी, प्रेयसीला वाचवण्यासाठी एका निष्पाप मुलीला आधी बोहल्यावर चढवण्याचा जो घोर विचार या कथेच्या मुळाशी आहे, तो अंगावर शहारे आणतो. डॉ. श्रीराम लागूंचा पिता आणि जयदेवांच्या संगीतरचनेत भीमसेन जोशींचा स्वर (जयदेव आणि जोशी या दोघांनाही त्यासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला) यांनी चित्रपट तोलून धरला आहे. परंतु नायकाच्या भूमिकेतील पालेकर मला तेथे किंचित अडचणीचे वाटतात, कारण आपण त्यांच्याविषयी नकळत दया बाळगू लागतो, आणि त्या मुलीच्या वाट्याची करुणा तितकी उणावते.

पुढे 'थोडासा रूमानी हो जाएँ'पासून त्यांनी पडद्यावरून माघार घेतली, आणि तेथून त्यांच्यातील दिग्दर्शकाचा खरा उदय झाला, असे माझे स्पष्ट मत आहे. व्यंकटेश माडगूळकरांच्या कादंबरीवरील 'बनगरवाडी' (१९९५) मी निःसंकोच प्रथम क्रमांकावर ठेवतो. औंध संस्थानच्या अंमलाखालील माणदेशातल्या एका धनगरवाडीत सरकारी हुकुमाने रुजू झालेला कोवळा मास्तर, ओस पडलेली शाळा, आणि मास्तराला हळूहळू आपला मानणारी ती मेंढरांमागे फिरणारी माणसे, एवढाच काय तो ऐवज. कारभाऱ्याच्या भूमिकेत एकेकाळचे रुबाबदार नायक चंद्रकांत मांडरे आहेत. त्यांच्या म्हाताऱ्या देहात वाडीचा सारा अधिकार आणि सारी काळजी एकवटलेली दिसते. वाडीने स्वतःच्या श्रमांनी उभारलेली तालीम, तिच्या उद्घाटनास खुद्द राजेसाहेबांचे येणे, आणि त्या आनंदाच्या पाठोपाठ आलेल्या दुष्काळाने जित्राबे घेऊन एकेका घराचे उठून जाणे, हा क्रम दिग्दर्शकाने कोठेही हुंदका न काढता मांडला आहे. येथे नायक असा कोणी नाही. मास्तरसुद्धा केवळ साक्षीदार आहे. ज्याने आयुष्यभर प्रेक्षकांच्या नजरा स्वतःवर झेलल्या, त्याने एका उघड्याबोडक्या माळावर आपली सारी भिस्त ठेवावी, हे मला फार मोलाचे वाटते.

दुसरा क्रमांक 'कैरी'चा. जी. ए. कुलकर्णींच्या कथेतील गूढ अंधार पडद्यावर आणणे दुष्कर. परंतु पोरक्या मुलीच्या ओंजळीत, स्वतःच्या उजाड संसारातूनही थोडे सुख टाकू पाहणारी मावशी शिल्पा नवलकरांनी अशी उभी केली आहे की, तिच्या नवऱ्याच्या नुसत्या पावलांच्या चाहुलीनेही आपण त्या मुलीसारखेच सावध होतो.

स्त्रीवेशधारी नर्तकाची 'दायरा'तील कथा पाचवी, आणि तीत निर्मल पांडे यांचा अभिनय अविस्मरणीय. र. धों. कर्व्यांच्या एकाकी झुंजीवरील 'ध्यासपर्व' सहावा. किशोर कदम व सीमा बिस्वास यांचे दांपत्य मनात घर करते, मात्र 'समाजस्वास्थ्य'च्या संपादकाचे विचार आपल्यापर्यंत पोचवण्याच्या तळमळीत प्रसंगांना कधीकधी निबंधाचे रूप येते. विजयदान देथांच्या कथेवरील 'पहेली' (२००५) नेत्रसुखद आहे, भारताची ऑस्करसाठीची अधिकृत प्रवेशिका म्हणूनही ती गेली. तथापि याच कथेवर मणी कौल यांनी 'दुविधा'त जे मौन साधले होते, ते रंगांच्या आणि गाण्यांच्या गर्दीत हरवले, म्हणून ती खाली. 'समांतर'मध्ये २००९ साली शर्मिला टागोरांसमवेत ते पुन्हा स्वतःच्या कॅमेऱ्यापुढे आले. त्यांना पाहून आनंद झाला, हे खरे. पण क्रमवारीत हा चित्रपट मी 'पहेली'च्याही खाली ठेवला आहे.