परसांतील कोळी आणि उलटें भिंग

कोळी दिसला कीं घरांत आधीं केरसुणी आठवते. परंतु ठाणें, कल्याण, डोंबिवलीच्या परसांत वावरणाऱ्या या जीवाची ओळख एकदां जवळून करून घ्यावी, असें आम्हांस वाटतें.

त्यासाठीं महागडें साहित्य नको. कॅमेऱ्याचें जुनें ५० मिलिमीटरचें भिंग एका साध्या कड्याच्या आधारें उलटें बसवावें. विशाल दृश्य इवलेंसें करून आंत उतरविणारें भिंग उलटें होतांच इवल्या वस्तूचें मोठें चित्र उतरवितें. २८ मिलिमीटरचें भिंग घेतल्यास चित्र त्याहूनही मोठें येतें. मात्र स्पष्ट दिसणारा पट्टा केसाएवढा अरुंद असतो. म्हणून भिंग न फिरवितां आपणच तिळतिळ पुढेंमागें व्हावें.

उडी मारून सावज धरणाऱ्या कोळ्यास आठ डोळे असतात. समोरचे दोन टपोरे डोळे जणूं आपल्याकडेच पाहतात. २०२१ सालीं ठाणें-कल्याण परिसरांतील अशाच एका उड्या कोळ्याची नवी जात म्हणून शास्त्रांत नोंद झाली. तिचें नांव ‘आयसियस तुकारामी’. २००८ च्या मुंबईवरील हल्ल्यांत गोळ्या लागूनही कसाबला न सोडणारे सहायक पोलीस उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे यांचें हें स्मारक.

ज्याच्या कुळांतील एकानें हुतात्म्याचें नांव धारण केलें, तो कदाचित् आपल्या तुळशीवृंदावनापाशींही बसला असेल. मुलांच्या हातीं भिंग द्यावें. केरसुणी घटकाभर कोपऱ्यांत राहिली, तर घर कांहीं मळत नाहीं.