वणव्याचं शास्त्र गावापर्यंत

होळी जवळ आली की सह्याद्रीच्या उतारांवर रात्री लाल रेघा दिसू लागतात. ‘डोंगर पेटला,’ असं म्हणून आपण कूस बदलतो. पण वणवा काही आभाळातून पडत नाही. आपल्याकडचे बहुतेक वणवे माणसाच्याच हातून लागतात. कुणी चांगलं गवत फुटावं म्हणून काडी लावतो, कुणी मोहाची फुलं वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पाला पेटवतो, कुणी न विझवताच विडी टाकतो.

आगीला तीन गोष्टी लागतात: जळण, उष्णता आणि हवा. यांतली एक काढून घेतली की आग संपली. वनखात्याची माणसं उन्हाळ्याआधी जाळरेषा काढतात, ती जळण तोडण्यासाठीच. दुसरं, आग चढावर धावते. ज्वाळा वरच्या गवताकडे झुकते आणि ते आधीच तापवून वाळवते. चढ दहा अंशांनी वाढला, की वेग साधारण दुप्पट होतो. म्हणून पेटलेल्या उताराच्या वरच्या अंगाला कधीही उभं राहू नये.

जाळल्यावर हिरवे कोंब लवकर दिसतात, हे गुराख्याचं म्हणणं खोटं नाही. पण गवतातला बराचसा नत्र धुरावाटे उडून जातो. उरलेली राख पहिल्या पावसात ओढ्याला जाते आणि उघडी पडलेली मातीही तिच्यामागे जाते. त्यापेक्षा गवत कापून ठेवावं. मोहाखालचा पाला झाडून घ्यावा किंवा जाळी पसरावी.

डेहराडूनची भारतीय वन सर्वेक्षण ही संस्था 2004 पासून उपग्रहाच्या साहाय्याने वणवे टिपते. नाव नोंदवणाऱ्या कुणालाही त्याचा संदेश मिळतो. मात्र उपग्रह दिवसातून मोजक्याच वेळा डोक्यावरून जातो, लहान आग त्याला दिसतेच असं नाही. पहिला धूर दिसतो तो गुराख्याला. वारा कुठल्या खिंडीत वळतो, पाणी कुठे आहे, हेही त्यालाच ठाऊक.

तेव्हा वनरक्षकानं नुसता दंडाचा धाक घालू नये. माघात गावात बसावं, चार गोष्टी सांगाव्यात, चार ऐकाव्यात. गुरुजींनी मुलांकडून गावाचा नकाशा काढून घ्यावा: गवत कुठे, पाणी कुठे, आग कुठून येते. तो नकाशा चावडीवर लागला, म्हणजे शास्त्र गावात आलं म्हणायचं.