झिपळा आपल्याला काय म्हणतो?

काल संध्याकाळी पिंपळावरून एक झिपळा खाली उतरला.

थांबा, थांबा! शब्दकोश काढायला उठू नका. 'झिपळा' त्यात मिळणार नाही. हा शब्द मी आज सकाळी चहा पिता पिता बनवलाय. म्हणजे तुम्ही तो आयुष्यात पहिल्यांदाच वाचताय. तरी मी पैजेवर सांगते, की झिपळ्याबद्दल तुम्हाला बरंच काही माहीत आहे. बघायचं?

एक झिपळा, तसे दोन…? झिपळे! त्याची आई? झिपळी. तिचं तान्हं बाळ? झिपळं. त्याला भूक लागली तर? 'झिपळ्याला भूक लागली.' 'झिपळाला' असं तुमच्यातलं कुणीच म्हणणार नाही. आता डोळे मिटा आणि त्याचे केस बघा. लांब आणि विस्कटलेले आहेत ना? तेल-फणी कधी न लागलेले? पण मी तर केसांबद्दल एक अक्षरही लिहिलं नव्हतं! ते तुम्हाला 'झिपऱ्या' या शब्दाने कानात सांगितलं. माझ्या झिपळ्याच्या पोटात झिपऱ्या लपून बसल्यात.

असाच खेळ १९५८ साली अमेरिकेत जीन बर्को नावाच्या संशोधक बाई चार ते सात वर्षांच्या मुलांशी खेळल्या. पक्ष्यासारख्या दिसणाऱ्या एका प्राण्याचं चित्र दाखवून त्या म्हणाल्या, "हा वग." (तमाशातला वग नव्हे बरं का!) मग तसेच दोन प्राणी दाखवून त्यांनी विचारलं, "आता हे दोन काय?" बहुतेक मुलांनी इंग्रजीच्या नियमाप्रमाणे 'वग्ज' असं अचूक सांगितलं. हा शब्द मुलांनी आधी ऐकलेला असणं शक्यच नव्हतं, कारण बाईंनी तो स्वतः बनवला होता. यावरून एक गोष्ट स्पष्ट झाली. मुलं भाषा नुसती पोपटासारखी पाठ करत नाहीत. तिचे नियम ती नकळत डोक्यात तयार करतात आणि नव्या कोऱ्या शब्दालाही लावतात.

अद्भुतकथा लिहिणाऱ्यांचं निम्मं काम इथेच होऊन जातं. जगात कुठेच नसलेली माणसं त्यांना आपल्यासमोर उभी करायची असतात. त्यासाठी ते एक नवा शब्द आपल्याकडे टाकतात, आणि उरलेलं चित्र आपणच पूर्ण करतो.

आता दुसरा खेळ. एका कागदावर ढगासारखा गुबगुबीत आकार काढा. शेजारी चांदणीसारखा टोकदार आकार काढा. यातल्या एकाचं नाव आहे 'बूबा' आणि दुसऱ्याचं 'किकी'. कोणाचं कुठलं?

गुबगुबीत तो बूबा आणि टोकदार तो किकी, असंच म्हणालात ना? वोल्फगांग क्योलर या मानसशास्त्रज्ञाने १९२९ साली अशाच बनवलेल्या शब्दांची गंमत नोंदवून ठेवली होती. २००१ साली विलयनूर रामचंद्रन आणि एडवर्ड हबर्ड या शास्त्रज्ञांनी 'बूबा' आणि 'किकी' हे शब्द घेऊन तिच्याबद्दल लिहिलं. शंभरातल्या सुमारे ९५ लोकांचं उत्तर तुमच्यासारखंच आहे, असं त्यांनी सांगितलं. पुढे २५ भाषा बोलणाऱ्या ९१७ लोकांना हेच विचारलं, तेव्हा ७२ टक्के लोकांनी असंच उत्तर दिलं. म्हणजे सगळे जण नाहीत, पण बरेच!

असं का होत असेल? आरशासमोर उभे राहून 'बू' म्हणा. ओठांचा चंबू होतो. आता 'कि' म्हणा. ओठ ताणले जातात आणि आवाज फटकन तुटतो. कानाला ऐकू येणारा आवाज आणि डोळ्यांना दिसणारा आकार मेंदू एकमेकांशी जोडत असावा, असं शास्त्रज्ञांना वाटतं. म्हणून गोष्टीतल्या गुबगुबीत, प्रेमळ राक्षसाला 'किटकिट्या' नाव दिलं, तर ते ऐकायलाच विचित्र वाटतं.

आता जाऊ या इंग्लंडला, ऑक्सफर्डमध्ये. १९३०च्या आसपासची गोष्ट. तिथल्या विद्यापीठातले एक प्राध्यापक उत्तरपत्रिकांचा ढीग तपासत बसले होते. कंटाळवाणं काम! तेवढ्यात एका मुलाच्या उत्तरपत्रिकेत एक पान चक्क कोरं निघालं. प्राध्यापकांना आनंद झाला. त्यांनी त्या पानावर एकच वाक्य लिहिलं: जमिनीतल्या एका बिळात एक 'हॉबिट' राहत होता, अशा अर्थाचं. हॉबिट म्हणजे कोण, हे तेव्हा त्यांनाही माहीत नव्हतं! ते शोधता शोधता एक अख्खं पुस्तक तयार झालं. 'द हॉबिट' १९३७ साली प्रसिद्ध झालं. ते प्राध्यापक म्हणजे जे. आर. आर. टॉल्किन.

त्यांचे हॉबिट साधारण दोन ते चार फूट उंचीचे असतात. त्यांच्या तळपायांची कातडी इतकी जाड, की चपलांची गरजच नाही. पावलांवर कुरळे केस. खाण्यापिण्याची भारी आवड.

टॉल्किन जुन्या इंग्रजीचे पंडित होते. तरुणपणी त्यांनी ऑक्सफर्डच्या प्रचंड इंग्रजी शब्दकोशासाठी काम केलं होतं. 'वॉलरस' हा शब्द कुठून आला, यावर तेव्हा त्यांनी बराच खल केला होता. अशा माणसाला 'हॉबिट' शब्द सुचला, पण त्याला खापरपणजोबा नाही, हे कसं चालावं? मग त्यांनी जुन्या इंग्रजीतले दोन तुकडे जोडून 'होलबिट्ला' असा शब्द घडवला. अर्थ, 'बीळ बांधणारा'. आणि गोष्टीत सांगून टाकलं, की हाच शब्द झिजून झिजून 'हॉबिट' झाला. म्हणजे नातू आधी जन्मला आणि खापरपणजोबा नंतर!

त्यांच्या पुढच्या गोष्टीतल्या हॉबिटांची नावंही अशीच आहेत. 'फ्रोडो' ज्या जुन्या शब्दावरून आलं, त्याचा अर्थ शहाणा. त्याच्यासोबत असतो सॅम. त्याचं पूर्ण नाव 'सॅमवाइज', म्हणजे अर्धा शहाणा. आपल्याकडे दीडशहाणे पुष्कळ असतात, हा मात्र अर्धाच! पण गंमत अशी, की गोष्टीतल्या खडतर मोहिमेच्या शेवटी फ्रोडोच्या अंगात चालायचं त्राण उरत नाही, तेव्हा हाच अर्धशहाणा त्याला पाठीवर घेऊन डोंगर चढतो.

पुढे टॉल्किन वारले, आणि ज्या शब्दकोशात ते उमेदवारी करत होते, त्याच्याच १९७६च्या पुरवणी खंडात 'हॉबिट' हा शब्द जाऊन बसला. तेवढ्यावर थांबला नाही. २००३ साली इंडोनेशियातल्या फ्लोरेस बेटावर, लिआंग बुआ नावाच्या गुहेत, शास्त्रज्ञांना एका प्राचीन मानवाचा सांगाडा सापडला. पूर्ण वाढलेली बाई, पण उंची जेमतेम एक मीटर. शास्त्रीय नाव ठेवलं 'होमो फ्लोरेसिएन्सिस'. पण जीभ अडखळायला नको, म्हणून सगळे तिला काय म्हणू लागले, सांगा बरं? हॉबिट! ऐंशी वर्षंही न झालेल्या शब्दाने हजारो वर्षं जुन्या माणसांचं बारसं झालं.

'रोबॉट' हा शब्दही असाच गोष्टीतून बाहेर पडलाय. चेक लेखक कारेल चापेक यांनी १९२० साली एक नाटक लिहिलं. त्यात कारखान्यात बनवलेले कृत्रिम कामगार होते. त्यांना काय म्हणावं, हे कारेलला सुचेना. त्याचा भाऊ योसेफ चित्रकार होता. कारेलने नंतर लिहिलंय, की योसेफ तोंडात कुंचला धरून चित्र काढत होता आणि तसाच पुटपुटला, "म्हण की रोबॉट!" चेक भाषेत 'रोबोटा' म्हणजे जमीनदारासाठी राबायची सक्ती. आपल्याकडे तिला 'वेठ' म्हणतात. म्हणजे आपल्या यंत्रमानवाचं खरं मराठी नाव व्हायला हवं होतं 'वेठ्या'!

आपल्या जुन्या गोष्टी सांगणाऱ्यांनाही ही कला चांगलीच येत होती. शूर्प म्हणजे धान्य पाखडायचं सूप. सुपासारखी नखं जिची, ती शूर्पणखा. घड्यासारखे कान ज्याचे, तो कुंभकर्ण. भीमाच्या मुलाचं डोकं जन्मतःच घटासारखं तुळतुळीत होतं, म्हणून तो घटोत्कच. व्याकरणाच्या तासाला याला बहुव्रीही समास म्हणतात. दोन शब्द जोडायचे आणि बोट तिसऱ्याकडेच दाखवायचं. कुंभकर्ण म्हणताना आपण कुंभाबद्दलही बोलत नसतो आणि नुसत्या कर्णाबद्दलही नाही. दोन शब्दांत पूर्ण राक्षस!

इथवर सगळी मजा आहे. पण आता जरा डोकं खाजवायला लावणारा प्रश्न. नाव ठेवतं कोण?

हॅरी पॉटरच्या गोष्टी आठवा. १९९७च्या पहिल्याच पुस्तकात जे. के. रोलिंग यांनी जादू न येणाऱ्या माणसांसाठी 'मगल' हा शब्द आणला. इंग्रजी बोलीत 'मग' म्हणजे सहज फसणारा भोळसट. इटालियन अनुवादातला शब्द आहे 'बाब्बानो', कारण तिथे 'बाब्बेओ' म्हणजे बावळट. आता मला सांगा, मगल माणसं स्वतःला मगल म्हणतात का? छे! तुम्ही-आम्ही सगळे मगलच आहोत, आणि पुस्तक वाचेपर्यंत आपल्याला त्याचा पत्ताही नव्हता. हे नाव ठेवलंय जादूगारांनी. ते ऐकलं की मगल कसे आहेत ते कळतं, आणि जादूगार त्यांना काय समजतात तेही कळतं.

हॉबिटांचंही तसंच. मोठी माणसं त्यांना 'हाफलिंग' म्हणतात. म्हणजे अर्धुकले. अर्धे? कोणाच्या अर्धे? मोठ्या माणसांच्या! हॉबिट स्वतःच्या घरात, स्वतःच्या खुर्चीत बसलेला असतो तेव्हा तो अर्धा नसतो, चांगला पूर्ण असतो.

ही गंमत सगळ्यात झकास जमवली जोनाथन स्विफ्ट यांनी, १७२६ साली, 'गलिव्हर्स ट्रॅव्हल्स'मध्ये. गलिव्हर जहाज फुटून लिलिपुटला पोचतो. तिथली माणसं सहा इंचांपेक्षाही कमी उंचीची. ती त्याचं नाव ठेवतात 'क्विन्बस फ्लेस्ट्रिन', म्हणजे माणूस-पर्वत. पुढच्या सफरीत तोच गलिव्हर ब्रॉबडिंगनॅगला पोचतो. तिथली माणसं मनोऱ्याएवढी. तिथे नऊ वर्षांची एक मुलगी त्याला बाहुल्यासारखा सांभाळते आणि त्याचं नाव ठेवते 'ग्रिल्ड्रिग', म्हणजे इटुकला माणूस. गलिव्हर एका इंचानेही वाढला नाही की घटला नाही. तरी एकीकडे पर्वत आणि दुसरीकडे इटुकला. बदलली ती नाव ठेवणाऱ्यांची उंची!

शेवटच्या सफरीत तर तो शहाण्या घोड्यांच्या देशात जातो. त्यांचं नाव आहे 'हुइन्ह्न्म'. मोठ्याने म्हणून बघा. घोडा खिंकाळल्यासारखं वाटलं की नाही? हे त्यांच्याच भाषेतलं नाव आहे, त्यांनी स्वतःच घेतलेलं. त्यांच्या लेखी त्याचा अर्थ घोडा तर आहेच, पण सृष्टीतली सर्वांत परिपूर्ण गोष्ट असाही आहे! स्वतःचं नाव ठेवायची वेळ आली की कोणीही कंजूषपणा करत नाही.

तुमच्या मैदानावरही हे रोज घडतं. पकडापकडीत लहान भावंडांना आपण 'लिंबूटिंबू' म्हणतो. किती गोड शब्द! पण दोन-तीन वर्षांपूर्वी तुम्ही लिंबूटिंबू होतात, तेव्हा तो तुम्हाला गोड वाटायचा का? वर्गातल्या कुणाला तुम्ही 'ढापण्या' किंवा 'लंबू' म्हणत असाल, तर त्या नावात चष्मा आणि उंची आहेच. पण ते नाव ठेवणारे तुम्हीसुद्धा त्यात आहात.

म्हणून आता सुट्टीत एक काम करा. माझा झिपळा अजून पिंपळाखालीच उभा आहे आणि तुमच्याकडे टकामका बघतोय. त्याच्या दृष्टीने तुम्ही म्हणजे एक अजब प्राणी आहात. अंगावर केस नाहीत, पाठीला दप्तर चिकटलेलं, हातात चौकोनी चमकणारी पाटी. तो घरी जाऊन आपल्या आईला, म्हणजे झिपळीला, तुमच्याबद्दल सांगणार आहे. त्यासाठी त्याला एक शब्द लागेल.

कागद घ्या आणि तो शब्द तुम्हीच बनवा. आधी मोठ्याने म्हणून बघा, मग त्याचं अनेकवचन करून बघा. आणि सगळ्यात शेवटी, त्या नावाने कुणी तुम्हाला हाक मारली तर चालेल का, हे स्वतःला विचारा.