बाग लावणे आणि बाग राखणे

आपल्या शहरांत सार्वजनिक बागेचा विषय वृक्षारोपणाच्या छायाचित्रापाशी सुरू होतो आणि बहुधा तेथेच संपतो. पुढच्या वैशाखात पाणी कोण घालणार, माळ्याचा पगार कोण देणार, याची नोंद कोणत्याही दप्तरात नसते.

पहिला प्रश्न जागेचा. बंगळुरूच्या राजमहाल विलास विस्तारात उद्यानासाठी राखलेला भूखंड प्राधिकरणाने खासगी शुश्रूषागृहाला दिला. रहिवासी न्यायालयात गेले. १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते वाटप अवैध ठरवले आणि दाद मागण्याचा रहिवाशांचा अधिकार मान्य केला. पुढे ७४व्या घटनादुरुस्तीने उद्याने बाराव्या अनुसूचीत, म्हणजे नगरपालिकांच्या कार्यकक्षेत आली. बागेच्या दैनंदिन कारभारात रहिवाशांचा वाटा किती, हे मात्र अनुसूची सांगत नाही.

याचे उत्तर शोधताना इतिहासाच्या विद्यार्थ्याला कांचीपुरमजवळचे उत्तरमेरूर आठवते. तेथील दहाव्या शतकातील चोळकालीन शिलालेखांत तलाव समितीप्रमाणे बागेचीही स्वतंत्र समिती आहे. सभासद चिठ्ठ्या टाकून निवडले जात, मुदत एक वर्षाची असे आणि मागील तीन वर्षांत समितीवर राहिलेल्यास पुन्हा संधी नसे. हिशेब न देणारा तर नातलगांसह अपात्र ठरे. ती सभा ब्राह्मण भूधारकांपुरती होती. तिचे गोडवे गाताना हे विसरू नये. परंतु आळीपाळीने जबाबदारी आणि चोख हिशेब ही दोन तत्त्वे आजही उपयोगी आहेत.

दिल्लीत निवासी संघांना उद्यानांच्या देखभालीसाठी सरकारी अनुदान मिळते. ही व्यवस्था स्वागतार्ह आहे. तथापि अनुदानाचा हप्ता लांबला की पहिला फटका माळ्याला बसतो, आणि दोन-तीन उत्साही ज्येष्ठ थकले की समिती कागदावरच उरते. याहून मोठा धोका कुलपाचा. संघाने राखलेली बाग हळूहळू संघाचीच मालमत्ता वाटू लागते आणि त्याच वसाहतीत धुणीभांडी करणाऱ्या स्त्रीची मुले फाटकाबाहेर राहतात.

म्हणून पालिका आणि रहिवासी यांच्यात काही वर्षांच्या मुदतीचा लेखी करार असावा. माळ्याचे वेतन व पाण्याची तरतूद त्यात आधी लिहावी, समिती दरवर्षी बदलावी, हिशेब फाटकावर लावावा आणि ते फाटक सर्वांसाठी उघडे ठेवण्याची अट घालावी. उद्घाटनाचा फलक त्यानंतर लावला तरी चालेल.